चिचुंद्रीचं गणगोत

मिरजेत पाऊस लागला, की मला फोन सुरू होतात. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणं थांबून बरीच वर्षं झाली, पण गल्लीच्या लेखी साप, पाल, वटवाघूळ, गांधीलमाशी ही सगळी खाती अजून माझ्याकडेच आहेत. "काकू, मोरीतनं उंदीर शिरलाय. भिंतीच्या कडेकडेनं पळतोय आणि वास तर असा मारतोय!" एवढं ऐकलं की पुढचं मीच विचारते. तोंड निमुळतं आहे? नाक सोंडेसारखं वळवळतं? डोळे नावापुरते? शेपूट बुडाशी जाड आणि तिच्यावर विरळ, लांब केस? मग तो उंदीर नव्हे, चिचुंद्री. तिकडून ठरलेलं उत्तर येतं : "तेच हो, एकच की."

एकच नाही. आणि हा नुसता मास्तरकीचा कीस नाही. उंदराचं नातं काढायला बसलं तर तो चिचुंद्रीपेक्षा तुमच्या-माझ्या जवळचा निघतो. सस्तन प्राण्यांच्या वंशवेलीत अंदाजे नऊ-दहा कोटी वर्षांपूर्वी एक मोठी वाटणी झाली. एका फांदीवर उंदीर, खारी, ससे, माकडं आणि माणसं राहिली. दुसरीवर वाघ-मांजरं, गाई-घोडे, देवमासे, वटवाघळं आणि आपली चिचुंद्री. म्हणजे मांजर चिचुंद्रीला मारून अंगणात टाकतं, तेव्हा ते आपल्याच फांदीवरच्या दूरच्या नातलगाला मारत असतं. उंदीर त्या भावकीतला नाहीच.

हे नातं डीएनएवरून पक्कं झालं, ते अलीकडे. पण उंदीर निराळा, चिचुंद्री निराळी, हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही, दात पुरतात. आमच्या कॉलेजच्या जुन्या इमारतीच्या पोटमाळ्यावर गव्हाणी घुबडांचं बिऱ्हाड असायचं. घुबड शिकार सगळी गिळतं आणि न पचलेली हाडं-केस यांचा गोळा करून ओकून टाकतं. शिपाई कुरकुरत ते गोळे झाडून काढायचा आणि मी ते डब्यात भरून प्रॅक्टिकलला न्यायची. बशीत कोमट पाणी, त्यात गोळा, हातात सुई आणि चिमटा. मुली आधी नाकाला रुमाल लावायच्या. पहिली कवटी हाती लागली की रुमाल कुठल्या कुठे.

उंदराच्या कवटीत पुढे पटाशीसारखे दोन दात वर, दोन खाली. त्यांच्यामागे चांगली मोकळी जागा आणि मग दाढा. चिचुंद्रीच्या जबड्यात अशी फट नसते. पुढचा वरचा दात आकड्यासारखा वळलेला, खालचा जवळजवळ आडवा पुढे आलेला आणि मागे टोकदार दातांची सलग रांग. आपल्या घरातल्या चिचुंद्रीला एकूण तीस. गालाचं कमानीसारखं हाड उंदराला असतं, हिला नसतं. ही सगळी हत्यारं कुरतडायची नाहीत, पकडायची आणि चिरडायची आहेत. झुरळ, गांडूळ, रातकिडे, गोगलगाय, कधी पालीचं पिल्लू, हा तिचा स्वयंपाक. शिळी पोळी मिळाली तर सोडत नाही, ते वेगळं.

उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून त्याला सतत काहीतरी कुरतडावं लागतं. तुमच्या फ्रिजची वायर, धान्याचं पोतं, ट्रंकेतली पैठणी, ही त्याची कामं. चिचुंद्रीचे दात वाढत नाहीत. तिचे दुधाचे दात आईच्या पोटातच विरून जातात आणि ती पक्क्या दातांच्या तयारीनं जन्माला येते. तेच आयुष्यभर पुरवायचे. झिजले की खाणं संपलं. तेव्हा वायर तुटली म्हणून चिचुंद्रीवर केरसुणी उगारणाऱ्यांनी आरोपी बदलावा, एवढं माझं म्हणणं.

लिनिअसनं १७५८ साली प्राण्यांचं मोठं वर्गीकरण छापलं, तेव्हा दात पाहूनच चिचुंद्रीच्या कुळाला उंदरांपासून दूर ठेवलं. हे बरोबर केलं. पण मग तिला बसवली कुठे, तर डुक्कर, आर्माडिलो आणि अमेरिकेतला पिशवीवाला ऑपोसम यांच्या पंगतीत! पुढे त्यातले बरेच उठवले गेले आणि कीटकभक्षक नावाचा गण झाला. लहान, लांब नाकाचा, किडे खाणारा आणि दुसरीकडे कुठे न बसणारा कोणताही प्राणी त्यात ढकलायचा, अशी वहिवाट पडली. आम्हीही विद्यार्थी असताना हेच पाठ केलं होतं. आमच्याकडे सुश्रुतसंहितेतही विषारी उंदरांचे अठरा प्रकार मोजताना छुच्छुन्दर त्यातच घातली आहे, त्यामुळे एकट्या युरोपाला नावं ठेवायचं कारण नाही.

१९९८ साली हा गण मोडला. तुलना केलेल्या जनुकांनी सांगितलं, की आफ्रिकेतले टेनरेक आणि सोनेरी मोल हे चिचुंद्रीचे कोणी नव्हेत. ते हत्ती, समुद्रगाय आणि आर्डव्हार्क यांच्या घराण्यातले. त्याच घराण्यात आणखी एक मजेशीर प्राणी आहे, त्याला इंग्रजीत 'एलिफंट श्रू' म्हणत आले; श्रू म्हणजे चिचुंद्री. नाक लांब, म्हणून कोणीतरी हत्तीचं नाव थट्टेत दिलं असणार, आणि निघाला तो खरंच हत्तीच्या बाजूचा. आता त्याला सेंगी म्हणतात. सशासारखे लांब मागचे पाय, मोठे डोळे, दिवसाढवळ्या पळापळ. त्यांतला सोमाली सेंगी १९६८ नंतर शास्त्रज्ञांच्या नोंदीत आला नव्हता. मग जिबूतीच्या खडकाळ भागात शेंगदाण्याचं लोणी, ओट आणि यीस्ट कालवून सापळ्यांत ठेवलं आणि तो सापडला. २०२० मध्ये ते प्रसिद्ध झालं. जगभर 'हरवलेला प्राणी मिळाला' अशा बातम्या आल्या. तिथल्या लोकांना तो नेहमीच दिसत होता. पण त्यांना विचारतं कोण?

दुसरा तोतया आपल्या जवळचा आहे. सातपुड्यात आणि पूर्व घाटात एक प्राणी मिळतो, दिसायला खारीसारखा, पण पाठीवर पट्टे नाहीत आणि तोंड लांबट. इंग्रजी पुस्तकांत त्याला 'ट्री श्रू' म्हटलेलं असतं. मद्रास इलाख्यातले अधिकारी वॉल्टर एलियट यांच्या नावानं तो ओळखला जातो. तो खार नाही आणि चिचुंद्रीही नाही. त्याचा गणच वेगळा आणि तो गण माकडांच्या-माणसांच्या फांदीवरचा. याचे मलेशियाकडचे भाऊबंद तर विलक्षण. बोर्निओच्या डोंगरांत घटपर्णीची एक जात आहे. तिच्या झाकणाच्या आतल्या बाजूला गोड स्राव असतो. हा प्राणी तो चाटायला घटावर स्वार होतो आणि चाटता चाटता आतच विष्ठा टाकतो. झाडाला नायट्रोजन मिळतो, याला गोड मिळतं. कीटक पकडायचा उद्योग त्या झाडानं मोठ्या वयात जवळपास सोडलेला आहे. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकांपर्यंत सगळे जागे व्हायचे.

असे सगळे भाडेकरू घालवून झाल्यावर घरात उरले ते चिचुंद्र्या, मोल, हेजहॉग आणि क्यूबा-हिस्पानिओला बेटांवरचे सोलेनोडॉन. हे मात्र सख्खे.

या कुळात चमत्कार इतके, की कुठून सुरू करावं कळत नाही. वजनानं जगातला सगळ्यात लहान सस्तन प्राणी यांच्यातलाच. १८२२ साली सावी नावाच्या इटालियन प्राध्यापकानं या इटुकल्या चिचुंद्रीचं वर्णन केलं. भूमध्य समुद्रापासून आपल्या देशापर्यंत ती पसरलेली आहे. वजन सुमारे १.८ ग्रॅम. आपलं २०११ सालचं रुपयाचं नाणं ३.७९ ग्रॅमचं होतं, म्हणजे एका रुपयात दोन चिचुंद्र्या. तिच्या हृदयाचे ठोके मिनिटाला १५०० च्या घरात पडू शकतात. एवढ्याशा अंगातून ऊब सतत निसटत राहते, ती भरून काढायला दिवसभरात स्वतःच्या वजनाच्या दीड-दोन पट खावं लागतं. खायला मिळालं नाही तर ती अंग गार पाडून सुन्न पडून राहते, खर्च वाचवते.

थंड देशांतल्या चिचुंद्रीची युक्ती याहून अचाट. पोलंडच्या आउगुस्ट डेनेल यांनी १९४९ मध्ये दाखवलं, की हिवाळ्यात तिची कवटी लहान होते. आधी लोकांना वाटलं, लहान डोक्याच्या चिचुंद्र्याच तेवढ्या थंडीत तगत असतील. मग जर्मनीत त्याच त्या चिचुंद्र्या पुन्हा पुन्हा पकडून त्यांचे एक्स-रे काढले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात प्रत्येकीच्या कवटीची उंची हिवाळ्यात सरासरी सुमारे १५ टक्क्यांनी घटलेली दिसली आणि वसंतात काही अंशी परत वाढलेली. आतला मेंदूही त्याबरोबर आकसतो. मेंदू चालवायला खर्च फार येतो, म्हणून तंगीत मेंदूच लहान करायचा. आपल्या घरातल्या चिचुंद्रीवर ही पाळी येत नाही. तिला मिरजेचा हिवाळा काय जड?

काही जणींच्या लाळेत विष असतं. उत्तर अमेरिकेतली आखूड शेपटीची चिचुंद्री गांडुळांना-किड्यांना चावून लुळं करते आणि जिवंतच साठवून ठेवते, ताजं राहावं म्हणून. काँगोच्या जंगलातल्या एका जातीचा पाठीचा कणा एकमेकांत गुंतलेल्या हाडांचा, इतका भक्कम, की अमेरिकन संशोधकांना तिथल्या मंगबेटू लोकांनी तिच्यावर उभं राहून दाखवलं आणि ती नंतर अंग झटकून चालू लागली. आपल्या मोरीतली असल्या कसरती करत नाही. विषारीही नाही. पकडलीत तर चावेल मात्र जरूर.

तिची कसरत वेगळी आहे. बिळाला धक्का लागला आणि जागा बदलायची वेळ आली, की एक पिल्लू आईच्या शेपटाजवळची कातडी दातांनी धरतं, दुसरं पहिल्याची, तिसरं दुसऱ्याची. मग ही आगगाडी भिंतीच्या कडेनं निघते. पकड इतकी घट्ट असते, की आईला उचललं तर मागची सगळी लटकत वर येतात. डोळे उघडलेले-न उघडलेले, जेमतेम तीन आठवड्यांच्या आतली ही पिल्लं. आमच्या शेजारच्या आजींनी अशी रांग पाहून साप म्हणून आरडाओरडा केला होता. त्यांची चूक म्हणता येणार नाही. संध्याकाळच्या अंधारात वळवळत जाणारी ती काळी दोरी सापासारखीच दिसते.

भिंतीची कड ती सहसा सोडत नाही. डोळे कामाचे नाहीत, मिशा आणि नाक कामाचे, म्हणून एका अंगाला भिंत हवी. किपलिंगनं 'रिकी-टिकी-टावी' या मुंगसाच्या गोष्टीत चुचुंद्रा नावाचं एक रडकं पात्र घातलं आहे. त्याला कधी खोलीच्या मधोमध जायचं धाडस होत नाही. मुंबईत जन्मलेल्या या माणसाचं निरीक्षण पक्कं होतं. फक्त त्यानं तिला 'मस्करॅट' म्हटलं आणि तो तर अमेरिकेतला पाण्यातला उंदीर. वासामुळे घोटाळा झाला. वास येतो तो कुशीतल्या ग्रंथींचा, नरांत अधिक. मांजर तिला मारतं, पण बहुतेक वेळा तोंड वाकडं करून सोडून देतं. घुबडाला वासाचं काही नाही. आमच्या बशीतल्या कवट्या साक्षीला होत्याच.

आता जी गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटते ती सांगते. उंदराला उलटी होत नाही. त्याच्या मेंदूत आणि पोटात ती सोयच नाही. उंदीर मारायचं औषध इतकं चालतं याचं हे एक कारण : एकदा पोटात गेलं की बाहेर येत नाही. पण यामुळे औषधशास्त्राची पंचाईत झाली. कर्करोगाच्या सिस्प्लॅटिनसारख्या औषधांनी माणसाला भयंकर उलट्या होतात. त्या थांबवणारं औषध प्रयोगशाळेत तपासायचं कोणावर? पांढरा उंदीर निरुपयोगी. कुत्री, मांजरं, फेरेट वापरत. ते सगळे मोठे आणि महाग. १९८७ साली जपानी संशोधकांनी दाखवलं, की आपल्या घरातली ही चिचुंद्री सिस्प्लॅटिननं ओकते. पुढच्याच वर्षी त्यांनी तिला मागे-पुढे हलणाऱ्या फळीवर ठेवलं, तर काही मिनिटांत तिला गाडी लागली! तेव्हापासून उलटीविरोधी औषधांच्या अभ्यासात ती जगभर आहे. उलटी थांबवणाऱ्या ऑनडान्सेट्रॉनचं मूळ श्रेय फेरेटला जास्त जातं, हे सांगायला हवं. पण त्या जातीच्या औषधांची परीक्षा हिच्यावरही झाली.

माझ्या धाकट्या बहिणीला सिस्प्लॅटिन चालू होतं. सलाइन लावण्याआधी नर्स ते उलटीचं इंजेक्शन द्यायची. वेळ जावा म्हणून मी तिला हे सगळं सांगितलं. ती डोळे मिटूनच म्हणाली, "म्हणजे आता मोरीत दिसली तर हळदी-कुंकू लावू?" ती आता बरी आहे आणि मोरीत दिसली की अजूनही किंचाळते.

चिचुंद्री साधी-सोवळी आहे असा माझा दावा नाही. तिच्या अंगावर पिसवा असतात, गोचिडांच्या जातीचे बारीक लाल माइट असतात. स्क्रब टायफसचा जंतू पसरवणारे ते हेच. म्हणून मेलेली उचलायची तर हातात पिशवी घालून आणि नंतर साबणानं हात धुऊन. वेल्लोरच्या तोट्टपाळयम भागात १९६४ साली पकडलेल्या एका चिचुंद्रीत एक विषाणू मिळाला. त्या वेळी शोध जपानी मेंदुज्वराचा चालला होता. मिळालेला विषाणू कुठल्या जातकुळीचा, हे बऱ्याच उशिरा उलगडलं : तो हंटाविषाणू होता. ज्या कोरियातल्या विषाणूवरून या गटाचं नाव पडलं तो त्यानंतर बारा-चौदा वर्षांनी वेगळा करता आला. बरीच वर्षं सगळे हंटाविषाणू उंदरांचे, असंच धरून चालले होते. वेल्लोरची चिचुंद्री त्या यादीत परकी वाटायची. मग जगभर चिचुंद्र्या, मोल आणि वटवाघळं तपासली आणि त्यांच्यातही तेच विषाणू मिळत गेले. हे विषाणू मुळात कोणाकडे होते, उंदरांकडे की यांच्याकडे, हा वाद त्यातून निघाला.

मुंबईचंही या कुळावर थोडं ऋण आहे, किंवा उलट. १८७७ मध्ये कलकत्त्याच्या संग्रहालयातल्या जॉन अँडरसन यांनी एका नव्या चिचुंद्रीचं वर्णन केलं, ते मुंबईहून मिळालेल्या नमुन्यावरून. घरातल्यापेक्षा लहान, फिकी, कोरड्या मुलखातली. तिला नाव दिलं फर्डिनांड स्टोलिक्झका यांचं. मोराव्हियातून आलेला हा माणूस भारतीय भूविज्ञान सर्वेक्षणात होता. दगडांइतकाच गोगलगाई आणि पाखरांत रमणारा. यारकंदच्या मोहिमेवरून परतताना १८७४ मध्ये लडाखच्या उंचीवर तो गेला. पुढे इतक्या जणांनी त्याचं नाव आपापल्या शोधांना दिलं, की पक्षी, साप, चिचुंद्री, सगळीकडे तो भेटतो.

फोनवरच्या मंडळींना मात्र यातलं काही नको असतं. त्यांना उपाय हवा असतो. तर विषारी दाणे ठेवू नका, दाण्यांत तिला रस नाही. चिकट पुठ्ठा तर मुळीच ठेवू नका. ओरडून ओरडून मरते आणि रात्रभर तुम्हालाही झोप नाही. पिंजरा लावलात तर दोन-तीन तासांनी उठून बघा. एवढ्या भुकेचा जीव सकाळपर्यंत बहुधा उरत नाही. खरं म्हणजे मोरीच्या भोकाला जाळी बसवा, रात्रीची भांडी घासून ठेवा, झुरळं कमी करा. दिवा लावा, दार उघडा आणि भिंतीच्या कडेची वाट मोकळी ठेवा. ती आपली आपण जाते.

पण ही सगळी दयामाया आपल्या देशापुरती. जहाजांच्या मालातून हीच चिचुंद्री पूर्व आफ्रिका, मादागास्कर, मालदीवपर्यंत पोचली. पॅसिफिकमधल्या ग्वाम बेटावर १९५३ मध्ये उतरली आणि बघता बघता सगळ्या बेटभर झाली. मराठी माणसं ज्या मॉरिशसला गेली, तिथे तीही आहे. अशा बेटांवरच्या पाली, सरडे, किडे यांना तिची कधी सवयच नव्हती आणि ती त्यांचा फडशा पाडते. मॉरिशसच्या किनाऱ्याजवळच्या लहान बेटांवरून उंदीर घालवायला विषाचे दाणे पुरले. चिचुंद्री त्यांना भुलेना. मग माणसं सापळे मांडून बसली. हेक्टर-दोन हेक्टरांच्या एका बेटावर ती संपली. जवळच्या पंचवीस हेक्टरांच्या बेटावर सापळे लावणारे थकले आणि चिचुंद्री राहिली.